दृष्टीआडच्या संभाषणाचा नकाशा

ज्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहींत, त्यांच्याविषयीं माणसाच्या मनांत बहुधा दोनच भावना उत्पन्न होतात: एक आंधळा विश्वास व दुसरी आंधळी भीति. परीक्षेचा निकाल संगणकाच्या पडद्यावर पाहणारा विद्यार्थी, मुलाची फी घरबसल्या भरणारा पालक, आगगाडीचें तिकीट काढणारा प्रवासी, हे सर्वजण एक कळ दाबतात व क्षणार्धांत उत्तर मिळवितात. उत्तर बरोबर आलें म्हणजे यंत्रावर आपला विश्वास बसतो. पैसे खात्यांतून गेले आणि पावती मात्र आली नाहीं, म्हणजे तोच विश्वास उडून जातो. परंतु त्या क्षणार्धांत कोण कोणाशीं बोललें, कोणतें वाक्य पोहोंचलें व कोणतें वाटेंत हरवलें, याची कल्पना फारच थोड्यांना असते. हें संभाषण कागदावर रेखाटून डोळ्यांपुढें कसें आणावें, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. ज्यांना बेरीज, गुणाकार व थोडें चित्र काढणें साधतें, त्यांना यांतील कोणतीहि गोष्ट कठीण वाटूं नये.

बोलणारे दोघे

डेटाबेस म्हणजे माहितीचें सुव्यवस्थित भांडार. त्या भांडाराची राखण करून, जो मागेल त्याला त्यांतील माहिती काढून देणारा जो प्रोग्रॅम, त्याला सर्व्हर म्हणतात. आणि मागणी करणाऱ्या प्रोग्रॅमला क्लायंट म्हणतात. हे दोघे एकाच यंत्रावर असूं शकतील, किंवा त्यांच्यामध्यें सातासमुद्रांचें अंतर असूं शकेल. दोघांना एकमेकांचें तोंड दिसत नाहीं. त्यांच्यामध्यें असतो तो केवळ बाइटांचा, म्हणजे ० पासून २५५ पर्यंतच्या आंकड्यांचा, एक अखंड प्रवाह.

एकेरी लोहमार्गावरील दोन शेजारच्या स्टेशनांचे मास्तरहि असेच एकमेकांना दिसत नाहींत. तरी 'मार्ग मोकळा आहे काय?' असें एकानें विचारल्यावांचून व दुसऱ्यानें होकार दिल्यावांचून गाडी सुटत नाहीं. घंटेचे ठोके किती व त्यांचा अर्थ काय, हें आधींच ठरलेलें असतें. अशा ठरीव नियमांच्या संचालाच संगणकशास्त्रांत प्रोटोकॉल म्हणतात. प्रथम कोणीं बोलावें, वाक्याची सुरुवात व शेवट कसा ओळखावा, चूक झाल्यास काय करावें, हें सर्व त्यांत नमूद असतें.

उदाहरणादाखल आपण पोस्टग्रेस-क्यू-एल् या डेटाबेसचा प्रोटोकॉल घेऊं. अमेरिकेंतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकांच्या नेतृत्वाखालीं १९८६ सालीं या कार्यास आरंभ झाला. १९९६ सालीं त्याला हल्लींचें नांव मिळालें. आपण सोयीसाठीं त्याला नुसतें पोस्टग्रेस म्हणूं. त्याच्या संभाषणाच्या नियमांची तिसरी आवृत्ति २००३ सालीं, पोस्टग्रेसच्या ७.४ या आवृत्तीबरोबर, प्रचारांत आली. आणि २०२५ सालच्या अठराव्या आवृत्तींत तिच्यांत थोडी भर पडली असली, तरी मूळ रचना तीच आहे. हे नियम सर्वांस वाचावयास खुले आहेत, म्हणून अभ्यासाला हें उदाहरण फार सोईचें आहे.

पहिलें चित्र: पाकीट

प्रथम एका वाक्याचें चित्र काढूं. पोस्टग्रेसच्या नियमांत प्रत्येक वाक्य जणूं एका पाकिटांत घालून पाठविलें जातें. पाकिटाचा पहिला बाइट म्हणजे एक रोमन अक्षर. त्यावरून पाकिटांत काय आहे तें कळतें. पुढील चार बाइटांत पाकिटाची लांबी लिहिलेली असते. ही लांबी मोजतांना ते चार बाइट स्वतः धरावयाचे, परंतु पहिलें अक्षर धरावयाचें नाहीं, असा नियम आहे. त्यानंतर मजकूर.

लांबी लिहिण्याची गरज काय, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, तारेंतून जाणारा प्रवाह अखंड असतो. त्यांत पाकिटांच्या मधल्या फटी दिसत नाहींत. कधीं चार पाकिटें एकदम येतात, तर कधीं एकच पाकीट दोन तुकड्यांनीं येतें. लांबी अगोदर कळली म्हणजे घेणारा तेवढे बाइट मोजून घेतो व पुढील बाइटापासून नवें पाकीट सुरू झालें असें समजतो.

एक उदाहरण मोजून पाहूं. क्लायंटला सर्व्हरकडून नुसता १ हा आंकडा परत हवा आहे. त्यासाठीं 'सिलेक्ट १' ही आज्ञा रोमन लिपींत लिहितात. 'सिलेक्ट' या शब्दाचीं रोमन अक्षरें ६, मोकळी जागा १, आंकडा १, मिळून ८ बाइट. मजकुराचा शेवट दाखविणारें शून्य १, म्हणजे ९. लांबीचे ४ मिळविले म्हणजे १३. हाच आंकडा लांबीच्या जागीं लिहावयाचा. आरंभीं 'क्यू' हें अक्षर १. एकूण १४ बाइट. वहींत चौदा चौकोनांची एक ओळ काढा. पहिल्या चौकोनांत क्यू, पुढील चारांत ०, ०, ०, १३, पुढील आठांत आज्ञा व शेवटच्यांत ० लिहा. हें झालें पाकिटाचें चित्र.

येथें मराठी विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. लांबी बाइटांची मोजतात, अक्षरांची नव्हे. हल्लीं सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ्-८ या लेखनपद्धतींत साध्या रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, परंतु देवनागरींतील प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'राम' या शब्दांत र, काना व म अशीं तीन चिन्हें आहेत. म्हणून तो नऊ बाइटांचा झाला. ज्यांनीं अक्षरें मोजून लांबी लिहिली, त्यांचें पाकीट मराठी नांव येतांच चुकतें.

दुसरें चित्र: क्रम

पाकिटाच्या चित्रावरून एक वाक्य कळतें, संवाद कळत नाहीं. संवादासाठीं निराळें चित्र हवें. वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा काढा. डावी रेघ क्लायंटची, उजवी सर्व्हरची. वरून खालीं काळ वाहतो असें समजा. प्रत्येक पाकिटासाठीं एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत एक बाण काढा व बाणावर पाकिटाचें अक्षर लिहा. याला क्रमचित्र म्हणूं. प्रोग्रॅमांच्या आराखड्यांसाठीं १९९७ सालीं मान्य झालेल्या यूएमएल् या चित्रभाषेंतहि या जातीचें चित्र आहे.

बाण आडवा सरळ न काढतां किंचित् खालीं उतरता काढावा, हें उत्तम. कारण पाकीट पोहोंचावयास वेळ लागतो. ही कल्पना आगगाडीच्या आलेखासारखीच आहे. एका अक्षावर स्टेशनें व दुसऱ्यावर वेळ मांडून गाडी तिरप्या रेघेनें दाखवितात. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील शास्त्रज्ञ मारे यांनीं आपल्या ग्रंथांत पॅरिस ते लिऑं या मार्गावरील गाड्यांचा असा आलेख प्रसिद्ध केला होता. दोन गाड्या कोठें भेटतील, हें वेळापत्रकांतील आंकडे वाचून चटकन् कळत नाहीं. परंतु दोन तिरप्या रेघा जेथें छेदतात तेथें बोट ठेवलें कीं काम झालें. आपल्या चित्रांतहि दोन बाण एकमेकांना छेदूं लागले, म्हणजे तेथें विचार करण्याजोगें कांहीं आहे, असें समजावें.

बाणाचें टोंक कोणीकडे आहे, हें लिहिणें येथें केवळ शोभेसाठीं नाहीं. पोस्टग्रेसच्या नियमांत एकाच अक्षराचा अर्थ दिशेप्रमाणें बदलतो. 'डी' हें अक्षर क्लायंटकडून गेलें तर 'वर्णन कर' असा अर्थ. सर्व्हरकडून आलें तर 'ही घे एक ओळ' असा अर्थ. 'ई' क्लायंटकडून गेलें तर 'अंमल कर'. सर्व्हरकडून आलें तर 'चूक झाली'. दिशा न दाखवितां नुसती अक्षरांची यादी केली, तर वाचणाराची फसगत ठरलेलीच.

ओळख पटविणें

आतां संवाद आरंभापासून रेखाटूं. क्लायंट प्रथम सर्व्हरच्या दाराशीं जातो. या दाराचा नेहमींचा क्रमांक ५४३२ आहे. तो बहुधा पहिला प्रश्न करतो तो असा: 'आपण गुप्त लिपींत बोलूं या काय?' हें पाकीट अवघें आठ बाइटांचें असतें: चार बाइट लांबीचे व चारांत ८०८७७१०३ हा ठरीव आंकडा. हा आंकडा मनास येईल तसा घेतलेला नाहीं. १२३४ ला ६५,५३६ नीं गुणून त्यांत ५६७९ मिळवा, म्हणजे तो येतो. प्रोटोकॉलच्या आवृत्तीचा क्रमांकहि याच जागीं लिहितात. तिसऱ्या आवृत्तीसाठीं तो ३ गुणिले ६५,५३६, म्हणजे १,९६,६०८ असा होतो. या दोहोंची गल्लत होऊं नये म्हणून पहिला आंकडा असा दूरचा घेतला आहे.

सर्व्हर एकाच बाइटानें उत्तर देतो: 'एस्' म्हणजे होय, 'एन्' म्हणजे नाहीं. चित्रावर हा बाण सर्वांत लहान, परंतु महत्त्वानें सर्वांत मोठा आहे. कारण येथपर्यंतचें बोलणें उघड्यावर चाललेलें असतें. मध्यें बसलेल्या कोणा लबाडानें 'एस्' काढून 'एन्' घातला, तर क्लायंटला वाटेल कीं, सर्व्हरला गुप्त लिपि येत नाहीं. पोस्टग्रेसच्या नेहमींच्या क्लायंटची मूळ योजना अशी आहे कीं, गुप्तता मिळाली तर उत्तम, न मिळाली तर उघड बोलावें. ज्याला आपली माहिती खरोखर सांभाळावयाची आहे, त्यानें ही योजना बदलून 'गुप्तता व सर्व्हरच्या ओळखीचा दाखला मिळाल्यावांचून एक अक्षरहि बोलूं नये' असा हुकूम द्यावा. नियमांचीं पानेंच्या पानें वाचूनहि जो धोका लक्षांत येत नाहीं, तो चित्रांतील त्या एका लहान बाणाकडे पाहतांच लक्षांत येतो.

'एस्' मिळाल्यावर दोघे गुप्त लिपीचा करार करतात. मग क्लायंट आपलें नांव व हव्या असलेल्या डेटाबेसचें नांव कळवितो. या आरंभींच्या पाकिटावर मात्र अक्षर नसतें. जुन्या काळापासून चालत आलेली ही एक रूढि आहे. सर्व्हर 'आर्' अक्षराच्या पाकिटानें ओळख मागतो. २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून या कामीं अशी पद्धति उपलब्ध आहे कीं, तिच्यांत खुद्द परवलीचा शब्द तारेवरून जातच नाहीं; तो आपणांस ठाऊक आहे, एवढें गणितानें सिद्ध करून दाखवावयाचें. ओळख पटली म्हणजे सर्व्हर आपल्या रीतिरिवाजांची माहिती देणारीं कांहीं 'एस्' पाकिटें व एक 'के' पाकीट पाठवितो, आणि शेवटीं 'झेड्' पाकीट येतें. त्याचा अर्थ: 'मी तयार आहें, विचारा.'

एक प्रश्न व चार उत्तरें

आतां आपला चौदा बाइटांचा प्रश्न पाठवूं. क्रमचित्र असें दिसेल:

क्लायंट → सर्व्हर : क्यू, प्रश्न, १४ बाइट
क्लायंट ← सर्व्हर : टी, स्तंभांचें वर्णन, ३४ बाइट
क्लायंट ← सर्व्हर : डी, उत्तराची ओळ, १२ बाइट
क्लायंट ← सर्व्हर : सी, काम पुरें झालें, १४ बाइट
क्लायंट ← सर्व्हर : झेड्, पुनः तयार आहें, ६ बाइट

चौदा बाइटांच्या प्रश्नाला सहासष्ट बाइटांचें उत्तर आलें, आणि त्यांत आपल्याला हवा असलेला आंकडा अवघा एका बाइटाचा! हा अपव्यय नव्हे काय? नव्हे. 'टी' पाकिटानें सांगितलें कीं, उत्तरांत एक स्तंभ आहे, त्याचें नांव काय व तो कोणत्या जातीचा. 'डी' पाकिटांत स्तंभांची संख्या २ बाइटांत व प्रत्येक किंमतीची लांबी ४ बाइटांत लिहून मग ती किंमत दिली. उत्तराच्या हजार ओळी असत्या, तर 'डी'चीं पाकिटें हजार आलीं असतीं, पण 'टी' एकच आलें असतें. अशा वेळीं हजार बाण काढीत बसूं नये. एकच बाण काढून त्याभोंवतीं चौकट आंखावी व तीवर 'पुनः पुनः' असें लिहावें.

'डी' पाकिटांतील एक युक्ति विशेष मौजेची आहे. विद्यार्थ्याला शून्य गुण मिळाले, आणि विद्यार्थी परीक्षेला बसलाच नाहीं, या दोन गोष्टी एक नव्हेत. मजकूर कोरा आहे, व मजकूर मुळींच नाहीं, याहि दोन निराळ्या गोष्टी. कोऱ्या मजकुराची लांबी ० लिहितात. मजकूर नसेलच तर लांबीच्या जागीं उणें १ लिहितात व पुढें कांहींच लिहीत नाहींत. पाकिटाच्या चित्रांत हा भेद अवश्य दाखवावा.

डि'सूझाचें नांव

आपल्या वर्गांत डि'सूझा आडनांवाचे विद्यार्थी असतील. रोमन लिपींत हें आडनांव लिहितांना पुष्कळजण अपॉस्ट्रॉफीचें चिन्ह घालतात. डेटाबेसच्या भाषेंत याच चिन्हानें मजकुराचा आरंभ व शेवट दाखवितात. आतां एखाद्या प्रोग्रॅमनें आज्ञेचें वाक्य व माणसाचें नांव जसेंच्या तसें जोडून एकाच 'क्यू' पाकिटांत घातलें, तर काय होईल? सर्व्हरला वाटेल कीं, 'डि' येथेंच नांव संपलें, आणि 'सूझा' ही पुढची आज्ञा आहे. तो 'ई' पाकीट पाठवून चूक दाखवील, व बिचाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज नाकारला जाईल. दोष त्याच्या नांवाचा नाहीं; दोन निराळ्या वस्तु एका पाकिटांत कोंबणाराचा आहे. आणि एखादा कपटी मनुष्य नांवाच्या जागीं अपॉस्ट्रॉफी घालून पुढें 'सर्व निकाल पुसून टाक' अशी आज्ञा लिहील, तर ती सर्व्हर पाळण्याचा संभव आहे. कारण एका 'क्यू' पाकिटांत अनेक आज्ञा चालतात.

यावरचा उपाय त्याच प्रोटोकॉलमध्यें आहे. क्लायंट प्रथम 'पी' पाकिटांत नुसतें वाक्य पाठवितो व नांवाच्या जागीं डॉलरचें चिन्ह व १ हा आंकडा घालून ती जागा मोकळी ठेवतो. या पाकिटांत एकाहून अधिक आज्ञा चालत नाहींत. नंतर 'बी' पाकिटांत नांव पाठवितो, तें लांबी मोजून. चिन्हासह हें रोमन नांव सात बाइटांचें असल्यास सर्व्हर सात बाइट मोजून घेतो; त्यांत अपॉस्ट्रॉफी असो कीं आज्ञा असो, तो त्याला निव्वळ मजकूरच समजतो. मग 'डी' म्हणजे वर्णन कर, 'ई' म्हणजे अंमल कर, व 'एस्' म्हणजे येथें हिशेब जुळवूं. उत्तरादाखल '१' म्हणजे वाक्य समजलें, '२' म्हणजे किंमत बसविली, अशीं पाकिटें येतात व पुढें नेहमींचीं टी, डी, सी आणि झेड्.

दोन्ही पद्धतींचीं क्रमचित्रें शेजारीं शेजारीं काढून पाहा. एकांत वाक्य व नांव एकाच बाणावर आहेत. दुसऱ्यांत दोन बाणांवर. एवढ्या एका फरकांत निकालाच्या नोंदींचें संरक्षण सांठवलेलें आहे.

हींच चित्रें आणखी एक धडा देतात. दुसऱ्या पद्धतींत क्लायंट पांचहि पाकिटें एकापाठोपाठ पाठवूं शकतो; प्रत्येकाच्या उत्तराची वाट पाहण्याचें कारण नाहीं. मध्येंच चूक झाली, तर सर्व्हर 'ई' पाठवून पुढील पाकिटें 'एस्' येईपर्यंत टाकून देतो, म्हणजे गोंधळ होत नाहीं. याचा उपयोग केवढा, तें पाहा. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबईहून लंडन सरळ अंतरानें सुमारें ७,२०० किलोमीटर. म्हणजे जाण्यास सेकंदाचे ३६ सहस्रांश व जाऊन येण्यास ७२ सहस्रांश लागणारच. शंभर प्रश्न एकेक करून, प्रत्येक उत्तराची वाट पाहत विचारले, तर ७.२ सेकंद नुसते प्रवासांतच गेले. एकदम पाठविले तर प्रवासाचा खर्च जवळजवळ एका फेरीचाच. यंत्र अधिक वेगवान घेऊन जें साधत नाहीं, तें बाणांची मांडणी बदलून साधतें.

हरवलेली पोहोंच

आतां पालकवर्गानें विशेष लक्ष द्यावें अशा गोष्टीकडे वळूं. फी भरण्याचा व्यवहार अनेक आज्ञांचा असतो: एका खात्यांतून रक्कम वजा, दुसऱ्यांत जमा, पावतीची नोंद. या सर्व आज्ञा एकत्र बांधून शेवटीं क्लायंट 'कमिट', म्हणजे 'व्यवहार कायम कर', अशी आज्ञा देतो. रोमन लिपींत तीं सहा अक्षरें. पाकीट बारा बाइटांचें. नेहमींच्या व्यवस्थेंत सर्व्हर व्यवहाराची नोंद कायम स्वरूपांत तबकडीवर उतरवितो, आणि मगच 'सी' पाकीट पाठवितो.

समजा, नेमकी याच वेळीं तार तुटली. दोन चित्रें काढा. पहिल्यांत क्लायंटकडून निघालेला 'कमिट'चा बाण मध्येंच तुटलेला दाखवा. सर्व्हरला आज्ञा मिळालीच नाहीं, म्हणून संबंध तुटल्याचें कळतांच तो सर्व व्यवहार रद्द करील. दुसऱ्यांत हा बाण सर्व्हरपर्यंत पोहोंचलेला दाखवा. सर्व्हरनें व्यवहार कायम केला, परंतु परत येणारा 'सी'चा बाण मध्येंच तुटला. आतां दोन्ही चित्रांची उजवी बाजू हातानें झांकून केवळ डावी रेघ पाहा. दोन्हींत तंतोतंत एकच दृश्य आहे: आज्ञा गेली, उत्तर आलें नाहीं. एकांत फी भरली गेली नाहीं, दुसऱ्यांत भरली गेली. आणि क्लायंटला आपल्या जागेवरून हें सांगतां येणें शक्य नाहीं. हा कोणाच्या निष्काळजीपणाचा परिणाम नव्हे. दूर अंतरावरून बोलणाऱ्या कोणाहि दोघांच्या नशिबीं ही शंका असतेच.

यावर इलाज दोन. क्लायंटनें व्यवहार सुरू करण्यापूर्वींच त्याला एक अनन्य क्रमांक द्यावा, व 'एका क्रमांकाचा व्यवहार दोनदां नोंदवूं नये' असा निर्बंध डेटाबेसमध्यें ठेवावा. मग शंका आल्यास तीच मागणी पुनः पाठविली तरी पैसे दोनदां जात नाहींत. किंवा संबंध पुनः जोडून, अगोदर टिपून ठेवलेल्या क्रमांकाच्या व्यवहाराचें काय झालें, असें सर्व्हरलाच विचारावें. ही सोय पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून आहे. आणि आपण सामान्य माणसांनीं? पावती आली नाहीं म्हणून लगेच दुसऱ्यांदा कळ दाबूं नये. प्रथम खातें पाहावें, विचारपूस करावी. 'उत्तर आलें नाहीं' याचा अर्थ 'काम झालें नाहीं' असा होत नाहीं, हें त्या दोन चित्रांनीं पटवून दिलें आहे.

असाच पेंच प्रश्न मागें घेतांना येतो. सर्व्हर लांबलचक कामांत गुंतला असतां त्याला थांबवावयाचें, तर क्लायंटला नव्या वाटेनें दुसरा संबंध जोडावा लागतो, व आरंभीं 'के' पाकिटांत मिळालेली गुप्त खूण दाखवावी लागते. म्हणून येथें चित्रांत तिसरी रेघ काढावी. या विनंतीला त्या वाटेनें उत्तर येत नाहीं. आणि विनंती पोहोंचण्यापूर्वींच काम संपून उत्तर निघालेलें असूं शकतें. तेव्हां चित्रांत दोन तिरपे बाण एकमेकांना छेदतात, व थांबविण्याचा हुकूम व्यर्थ जातो.

तिसरें चित्र: स्थिति

क्रमचित्र एका वेळची हकीकत सांगतें. सर्व संभाव्य हकीकती सांगत नाहीं. त्यासाठीं स्थितिचित्र काढावें. 'झेड्' पाकिटाच्या शेवटीं एक अक्षर असतें. 'आय्' म्हणजे कोणताहि व्यवहार चालू नाहीं. 'टी' म्हणजे व्यवहार चालू आहे. 'ई' म्हणजे व्यवहारांत चूक झाली असून तो संपविल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. तीन वर्तुळें काढून त्यांत हीं अक्षरें लिहा. 'आय्'कडून 'टी'कडे जाणाऱ्या बाणावर 'व्यवहार सुरू', 'टी'कडून 'आय्'कडे 'कायम कर' अथवा 'रद्द कर', 'टी'कडून 'ई'कडे 'चूक', व 'ई'कडून 'आय्'कडे 'रद्द कर' असें लिहा. 'ई'कडून 'टी'कडे सरसकट जाणारा बाण नाहीं. म्हणजे बिघडलेला व्यवहार नुसता तसाच पुढें रेटतां येत नाहीं. जेथें बाण नाहीं, तेथेंहि चित्र कांहीं सांगतें.

चित्र काढणाराला दोन सूचना

ज्यांना हें प्रत्यक्ष करून पाहावयाचें असेल, त्यांनीं आपल्याच यंत्रावर सरावासाठीं पोस्टग्रेस बसवावें. वायरशार्क नांवाचा एक प्रोग्रॅम आहे. १९९८ सालीं तो निराळ्या नांवानें निघाला, व २००६ पासून या नांवानें ओळखला जातो. तारेवरील बाइट टिपून तो पाकिटें ओळखून दाखवितो. गुप्त लिपींतील संभाषण त्याला सहसा वाचतां येत नाहीं, हें गुप्ततेच्या उपयोगाचें प्रत्यक्ष प्रमाणच समजावें. मात्र दुसऱ्याचें संभाषण चोरून पाहणें हें दुसऱ्याचें पत्र फोडण्यासारखें आहे. विद्येचा असा उपयोग कोणीहि करूं नये.

दुसरी सूचना अशी कीं, एकाच चित्रांत सर्व कांहीं कोंबूं नये. बाइट किती, हें पाकिटाच्या चित्रांत. आधीं काय व मागून काय, हें क्रमचित्रांत. काय करण्याची परवानगी आहे, हें स्थितिचित्रांत. आणि ज्या चित्रांत सर्व बाण सुरळीत पोहोंचतात, तेवढेंच काढून थांबूं नये. प्रत्येक बाण एकेकदां मध्येंच तोडून पाहावा व स्वतःस विचारावें: आतां डाव्या बाजूला काय ठाऊक आहे, व उजव्या बाजूला काय? ज्यानें हा प्रश्न प्रत्येक बाणाला विचारला, त्यानें प्रोटोकॉल खरोखर समजून घेतला.

आपल्या मराठींत 'दृष्टीआड सृष्टि' अशी म्हण आहे. ज्यांवर उद्यां तुमच्या गुणपत्रिका, तुमच्या आईबापांची बचत व रुग्णालयांतील रोग्यांच्या नोंदी अवलंबून राहावयाच्या, तीं यंत्रें तुमच्यापैकींच कोणी तरी बांधणार आहेत. त्यांनीं ही दृष्टीआडची सृष्टि प्रथम कागदावर आणावी, तुटलेल्या बाणांचाहि विचार करावा, आणि मगच तिच्यावर इतरांनीं विश्वास ठेवावा असें म्हणावें. त्यासाठीं भारी यंत्र लागत नाहीं. दोन उभ्या रेघा, एक शिसपेन्सिल व थोडा प्रामाणिक विचार एवढें पुरे आहे.